दोन संगणकांमधील दुभाषी : एका तहाचा इतिहास



इतिहासाच्या मास्तरने संगणकाच्या पोटातील गोष्टींवर लिहावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु लढाई एक दिवस चालते आणि तिच्यानंतरचा तह कधी कधी पन्नास वर्षे चालतो. त्या तहातील कलमे कोणी लिहिली, कोणत्या अडचणीतून लिहिली, आणि पुढे ज्यांच्यासाठी ती लिहिलीच नव्हती अशा लोकांनी ती कशी वापरली, हे पाहणे इतिहासाचेच काम आहे. आज अशा एका तहाची हकीकत सांगतो. त्यातील दोन्ही पक्ष संगणक आहेत.

आधी 'ड्रायव्हर' हा शब्द समजून घेऊ. येथे त्याचा मोटारगाडीशी संबंध नाही. पेशव्यांच्या दफ्तरात फारसनवीस असत. दिल्ली, हैदराबाद येथील दरबारांशी पत्रव्यवहार फारसीत चाले. तो वाचणे, त्याचा अर्थ लावणे आणि योग्य त्या मायन्यात उत्तर लिहिणे हे त्यांचे काम. 'पारसनीस' हे आडनाव त्यावरूनच पडले. संगणकाच्या आत छपाईयंत्र, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा प्रत्येक उपकरणाची बोली निराळी असते आणि मुख्य प्रणालीला ती येत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणासाठी एक छोटा प्रोग्राम फारसनवीस म्हणून नेमलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. उपकरण बदलले की फारसनवीस बदलतो, बाकीचे दफ्तर तसेच राहते.

आता 'व्हर्चुअल', म्हणजे भासमान, उपकरण ही काय चीज आहे? १९६० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या मंडळींनी एकाच मोठ्या संगणकावर अनेक संगणकांचा भास निर्माण करून दाखवला. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे की, अख्खे यंत्र आपल्या एकट्याचे आहे. १९७२ साली कंपनीने हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. जो खरा संगणक हे सर्व चालवतो त्याला 'होस्ट' म्हणजे यजमान म्हणतात, आणि त्याच्या पोटात जो भासमान संगणक चालतो त्याला 'गेस्ट' म्हणजे पाहुणा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे सर्व भांडण त्यांच्यावरूनच आहे.

त्या पाहुण्यांना उपकरणेही भासमान मिळत. कार्डांना भोके पाडणारे यंत्र भासमान, कार्डे वाचणारे यंत्रही भासमान. मौज अशी की, एका पाहुण्याने आपल्या भासमान यंत्रातून पाडलेली कार्डे दुसऱ्या पाहुण्याच्या भासमान वाचकयंत्रात पाठवता येत. कार्ड कोठेही नाही, भोक कोठेही नाही, पण निरोप मात्र पोहोचला! त्या काळी दोन खरे आयबीएम संगणक केबलने जोडण्यासाठी 'चॅनेल-टू-चॅनेल अडॅप्टर' नावाचे एक खरे उपकरण होते. पुढे व्हीएम/३७० मध्ये त्याचीही भासमान नक्कल करण्यात आली. म्हणजे प्रवास खऱ्याकडून खोट्याकडे झाला. आपल्या आजच्या हकीकतीत तो उलट, खोट्याकडून खऱ्याकडे, झालेला दिसेल.

मधली तीस वर्षे मी ओलांडून जातो. २००० च्या सुमारास घरगुती संगणकांवरही भासमान यंत्रे चालू लागली. आरंभी यजमान एखाद्या बाजारातल्या नेटवर्क कार्डाचे हुबेहूब सोंग घेई. पाहुण्याच्या ड्रायव्हरला ते कार्ड खरेच वाटे. पण सोंग महाग पडते. पाहुण्याने त्या कार्डाच्या एखाद्या रकान्यात आकडा टाकला की, दर वेळी त्याचे काम थांबवून यजमानाने मध्ये यायचे, आकड्याचा अर्थ लावायचा आणि पुन्हा पाहुण्याला चालू करायचे. तेव्हा लोकांनी सोंगच टाकून दिले. 'मी भासमान आहे' हे उघड सांगून पाहुण्याशी सोप्या बोलीत बोलणारी उपकरणे केली. एवढे झाले आणि जो तो आपली बोली काढू लागला. लिनक्स या मुक्त प्रणालीत तेव्हा भासमान यंत्रांच्या किमान ८ निरनिराळ्या पद्धती होत्या आणि त्यांतील बहुतेकींचे फारसनवीस वेगळे होते.

हा गोंधळ निस्तरण्याचे काम रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने हाती घेतले. ते तेव्हा आयबीएमच्या ऑस्ट्रेलियातील ओझलॅब्ज गटात होते. त्यांनी 'व्हर्ट-आयओ' नावाची एक सामाईक बोली तयार केली. जानेवारी २००८ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत ती प्रथम आली. हाच आपला तह.

त्याचे मुख्य कलम खानावळीच्या डब्यांवरून चांगले समजते. समजा, पाहुण्याला बाहेरून माहिती हवी आहे. तो आपल्या मेमरीत काही रिकामे डबे मांडतो आणि एका तक्त्यात प्रत्येक डब्याचा पत्ता व माप लिहितो. मग 'तयार' नावाच्या यादीत नोंद करतो की, अमुक डबा भरण्यास तयार आहे. यजमान तो डबा भरतो आणि 'झाले' नावाच्या दुसऱ्या यादीत नोंद करतो. माहिती बाहेर पाठवायची असेल तर डबा भरलेला मांडायचा आणि रिकामा परत घ्यायचा, एवढाच फरक. यातील खरी अक्कल अशी की, 'तयार' यादीत केवळ पाहुणा लिहितो आणि 'झाले' यादीत केवळ यजमान. दोघे एकमेकांची वही वाचतात, पण दुसऱ्याच्या वहीला कोणी लेखणी लावत नाही. त्यामुळे खाडाखोड नाही, कुलूप नाही, रांग नाही. हाक मारण्याचा नियमही साधा आहे. समोरचा कामातच असेल तर 'मला हाक मारू नकोस, मी बघतोच आहे' अशी खूण त्याला करता येते. किराणा दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी एवढा नियम पाळला तर मोहल्ल्यातील निम्मी भांडणे मिटतील!

मात्र या तहात एक गोष्ट गृहीत होती, आणि ती कोठे लिहिण्याचीही कोणाला गरज वाटली नव्हती. पाहुणा राहतो यजमानाच्याच घरात. त्याची सगळी मेमरी ही यजमानाच्या मेमरीचाच एक तुकडा. पाहुण्याने तक्त्यात कोणताही पत्ता लिहिला तरी यजमानाचा हात तेथपर्यंत पोहोचतो. घराची एकही खोली त्याला बंद नाही.

आता कॅलिफोर्नियाला जाऊ. तेथील ओवेन्स व्हॅली रेडिओ वेधशाळा ही कार्मा नावाच्या दुर्बीण-समूहात भागीदार होती. अनेक अँटेना एकत्र जोडून त्यांची एक मोठी दुर्बीण करायची, अशी ही रीत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. कार्मामध्ये लहान-मोठ्या २३ अँटेना होत्या आणि ती एप्रिल २०१५ मध्ये बंद झाली. अशा कामात अँटेनांकडून येणाऱ्या आकड्यांचा पूर लोटतो आणि तो उपसण्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक बोर्ड लागतात.

या वेधशाळेत काम करणाऱ्या एका प्रोग्रामरपुढे असा पेच होता. एका पेटीत एक नेहमीचा संगणक, आणि त्याच्याशी पीसीआय या वाहिनीने जोडलेले बोर्ड. परंतु हे बोर्ड साधी कार्डे नव्हती. प्रत्येकावर पॉवरपीसी जातीचा स्वतंत्र प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःची लिनक्स होती. म्हणजे तेही संगणकच. १९९२ मध्ये निघालेल्या पीसीआयची कल्पना अशी की, एक मालक संगणक आणि बाकी त्याची उपकरणे. येथे तर उपकरणाच्या खुर्चीवर दुसरा संगणक बसलेला! दोघांमध्ये तांब्याच्या रेघांची पक्की जोडणी आहे, पण बोलायचे कोणत्या भाषेत? नवी बोली काढणे शक्य होते, परंतु तिच्यासाठी नवा फारसनवीस लिहावा, तपासावा आणि जन्मभर सांभाळावा लागला असता. व्हर्ट-आयओचा नेटवर्क ड्रायव्हर मात्र तयार होता आणि हजारो ठिकाणी चालून घासूनपुसून निघाला होता. तेव्हा २००९ च्या आरंभी या गृहस्थाने 'व्हर्ट-आयओ ओव्हर पीसीआय' हा प्रस्ताव लिनक्सच्या मंडळींपुढे मांडला. सोंगासाठी लिहिलेला ड्रायव्हर खऱ्या तारेवर चालवायचा, असा त्याचा मतलब.

पहिली अडचण मानाची होती. व्हर्ट-आयओच्या करारात एक पाहुणा लागतो व एक यजमान. येथे दोघांकडेही पाहुण्याचाच ड्रायव्हर तयार होता. दोघेही डबे मांडून बसले, खानावळ कोणी चालवायची? त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. दोघांनाही पाहुणे राहू द्यायचे आणि मध्ये एक ओतणारा ठेवायचा. इकडचा भरलेला डबा उचलायचा, तिकडच्या रिकाम्या डब्यात ओतायचा आणि दोघांच्या 'झाले' यादीत नोंद करायची. याची पाठवण्याची रांग म्हणजे त्याची घेण्याची रांग. दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना पत्ताही लागत नाही की, पलीकडे यजमान नसून आपल्यासारखाच एक शेजारी आहे. ओतण्याचे कष्टाचे काम पॉवरपीसी बोर्डावरील डीएमए या खास यंत्रणेकडे दिले. प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून मेमरीत माहिती हलवणारा तो हमाल आहे. दुसऱ्या बाजूच्या संगणकाकडे अशा कामाचा हमाल नव्हता. ज्याच्याकडे हमाल त्याने ओझे उचलावे, हा न्याय झाला.

दुसरी अडचण पत्त्यांची. यजमानाला पाहुण्याचे सारे घर उघडे असते, पण शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नसते. पीसीआयवरून पलीकडची मेमरी ठरावीक मापाच्या खिडकीतूनच दिसते. म्हणून याद्या त्या खिडकीत मांडाव्या लागतात. शिवाय खिडकीतून वस्तू पलीकडे टाकणे सोपे, पण पलीकडून मागून घेणे फार संथ. या वाहिनीवर लिहिणे म्हणजे पोस्टकार्ड पेटीत टाकून घरी येणे, आणि वाचणे म्हणजे पूर्वी ट्रंक कॉल लावून तारऑफिसात ताटकळत बसावे तसे. तेव्हा शक्य तो लिहावे दुसऱ्याच्या दारात आणि वाचावे आपल्या दारात, ही खबरदारी असल्या प्रत्येक रचनेत घ्यावी लागते.

तिसरी अडचण तर थेट आपल्या घरातली आहे. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस मागून. उर्दूत 'पच्चीस', तोच क्रम. अरबीतही 'पाच आणि वीस' असेच म्हणतात. इंग्रजी मात्र 'ट्वेंटी-फाइव्ह', वीस आधी. ऐकेल त्या क्रमाने आकडे लिहिणारा कारकून असेल तर एक २५ लिहील आणि दुसरा ५२. संगणकांतही अशा दोन जाती आहेत. नेहमीचा इंटेल जातीचा संगणक मोठ्या संख्येचा लहान भाग आधी ठेवतो, तर तो पॉवरपीसी बोर्ड मोठा भाग आधी. एकाने ३२ बिटांत लिहिलेला १ दुसऱ्याने आपल्या क्रमाने वाचला तर तो १,६७,७७,२१६ होतो! या दोन जातींना 'लिटल-एंडियन' व 'बिग-एंडियन' ही नावे डॅनी कोहेन यांनी १९८० च्या एका लेखात दिली. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्ध करणाऱ्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील लोकांवरून ती घेतली आहेत. मूळ व्हर्ट-आयओत आकडे पाहुण्याच्या क्रमाने लिहीत. यजमान-पाहुणे एकाच प्रोसेसरवर राहतात, तेव्हा प्रश्नच येत नसे. दोन भिन्न जातींचे बोर्ड समोरासमोर आल्यावर मात्र क्रम ठरवून लिहून ठेवणे भाग पडले. पुढे २०१६ साली व्हर्ट-आयओची १.० आवृत्ती अधिकृत मानक झाली, तिच्यात सर्वांसाठी लिटल-एंडियन क्रम ठरवलेला आहे.

पालकहो, येथे जरा थांबतो. 'आमच्या मुलाला कॉम्प्युटर येतो' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा टंकलेखन आणि एखादे प्रमाणपत्र एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यात गैर काही नाही, पोटापाण्याला त्याचा उपयोग होतो. पण वरच्या तिन्ही अडचणी पाहा. त्या सोडवायला लागले ते कळफलकावरील बोटांचे कसब नव्हे. दुसऱ्याने लिहिलेले कलम बारकाईने वाचणे, त्यात न लिहिलेले काय गृहीत धरले आहे ते ओळखणे, आणि आपले कलम असे लिहिणे की त्याचा एकच अर्थ निघावा, हे लागले. घरी एक बोली, मदरशात अरबी, शाळेत मराठी किंवा उर्दू आणि बाजारात हिंदी, अशा वातावरणातली आपली मुले भाषेमुळे मागे पडतात, हे वाक्य मी दर पालकसभेत ऐकतो. मला ते पटत नाही. निरोप अक्षरशः पोहोचूनही अर्थ उलटा होऊ शकतो, हे त्या मुलांना आठव्या वर्षीच ठाऊक असते. आपण त्यांना तो अनुभव नीट लिहून काढायला शिकवत नाही, ही उणीव आपली आहे.

असो. २००९ चा तो प्रस्ताव लिनक्सच्या अधिकृत आवृत्तीत कधीच आला नाही. पण विषय तेथे संपला नाही.

त्याच सुमारास मोबाइल फोनच्या चिपांत एकाशेजारी एक असे भिन्न जातींचे प्रोसेसर बसू लागले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप-४ या चिपवर मुख्य प्रोसेसर लिनक्स चालवी आणि शेजारचे छोटे प्रोसेसर चित्रफितीसारखी कामे करीत. त्यांच्यात निरोप पाठवण्यासाठी 'आरपीमेसेज' नावाची रचना करण्यात आली, तीही व्हर्ट-आयओच्या त्याच दोन याद्यांवर. आणि येथे एक लपलेली फट उघडी पडली. आधुनिक प्रोसेसर दिलेली कामे त्याच क्रमाने करीलच असे नाही. वेळ वाचवण्यासाठी तो मागचे पुढे करतो. समजा, 'डबा तयार' ही नोंद आधी पोहोचली आणि डब्यातील जिन्नस मागून आला, तर पलीकडचा रिकामाच डबा घेऊन जाईल. म्हणून प्रोग्राममध्ये 'येथपर्यंतचे सर्व पुरे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये' असा बांध घालावा लागतो. व्हर्ट-आयओत हे बांध होते, पण हलके होते, एकाच संगणकातील प्रोसेसरांना पुरतील इतकेच. लिनक्स एका प्रोसेसरसाठी बांधली असेल तर ते बांध प्रोसेसरच्या दृष्टीने नाहीसेच होत. सोंगात हे चालून गेले, पण पलीकडे खरे यंत्र आल्याबरोबर चालेना. मग रसेल यांनी स्वतःच दुरुस्ती केली. पलीकडे खरे यंत्र असेल तर भारी बांध घालावेत आणि भासमान असेल तर हलके, असा पर्याय दिला. मार्च २०१२ मधील लिनक्स ३.३ मध्ये ही दुरुस्ती आली आणि मे महिन्यातील ३.४ मध्ये आरपीमेसेज आले. मानकात या गोष्टीला रीतसर जागा मिळाली ती २०१९ च्या १.१ आवृत्तीत. एक न लिहिलेले गृहीतक लिहून काढायला अकरा वर्षे लागली, असे म्हणता येईल.

जोडलेल्या बोर्डांपुरते बोलायचे तर तीच कल्पना २०१४ च्या जानेवारीत, लिनक्स ३.१३ मध्ये, दुसऱ्या वाटेने दाखल झाली. इंटेलचे झिऑन फाय हे संगणकात खोचायचे कार्ड होते. त्यावर ६० च्या आसपास प्रोसेसर-गाभे आणि स्वतःची लिनक्स. चीनच्या तिआन्हे-२ या महासंगणकात अशी ४८,००० कार्डे बसवली होती. इंटेलने लिनक्सला दिलेल्या ड्रायव्हरांत हे कार्ड व मुख्य संगणक यांच्यातील नेटवर्क, डिस्क आणि कन्सोल ही तिन्ही व्हर्ट-आयओवर चालत. येथे मानाचा प्रश्न सरळ सोडवला होता. कार्ड पाहुणा, संगणक यजमान. त्याच इंटेलच्या दुसऱ्या अभियंत्यांनी दोन पूर्ण बरोबरीचे संगणक जोडणाऱ्या 'एनटीबी' या पुलासाठी २०१३ मध्ये ड्रायव्हर दिले. तेथे मात्र व्हर्ट-आयओ न घेता स्वतःचीच बोली काढली. एकाच कंपनीत, वर्षभराच्या आत, एकाच प्रश्नाला दोन उत्तरे! एनटीबीवाल्यांचे मला समजू शकते. दोघे बरोबरीचे असतील तर पाहुणा कोणाला म्हणावे?

जुलै २०२० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील एका भारतीय अभियंत्याने २२ भागांचा एक प्रस्ताव मांडला. त्यात पीसीआय एक्स्प्रेसने थेट जोडलेले दोन बोर्ड आणि एनटीबीने जोडलेले दोन बोर्ड, या दोहोंसाठी एकच व्यवस्था सुचवली होती. एका बाजूला नेहमीचा व्हर्ट-आयओ ड्रायव्हर, आणि दुसऱ्या बाजूला 'व्हीहोस्ट' हा लिनक्समधील यजमानाचा भाग, जो मुळात भासमान यंत्रांची सेवा करण्यासाठी लिहिलेला होता. २००९ साली दोन पाहुण्यांमध्ये ओतणारा ठेवला होता, आता शेजाऱ्यांपैकी एकानेच यजमानाचा फेटा बांधावा, असे ठरत होते. त्याच वर्षी लिनक्स ५.७ मध्ये, ज्या खऱ्या नेटवर्क कार्डांच्या चिपमध्येच व्हर्ट-आयओची भाषा कोरलेली आहे, अशांसाठी स्वतंत्र सोय झाली. सोंगाची बोली आता खरे उपकरण जन्मतःच बोलू लागले. आणि त्याच वर्षाअखेरीस, लिनक्स ५.१० मध्ये, झिऑन फायचे ड्रायव्हर काढून टाकण्यात आले, कारण ते कार्ड बाजारातून केव्हाच गेले होते.